मजल्याचा रकाना

राजीनामा माझ्या लेकीने लिहिला. ती तिकडे दुसऱ्या शहरात, मी इथे. मी फोनवर सांगत होतो, ती टाइप करत होती. "बाबा, दोन ओळी पुरे असतात," ती म्हणाली. मला निदान आभार मानायचे होते, म्हणून तिसरी ओळ घातली. मग मी सही करून कागदाचा फोटो पाठवला, आणि तिने सगळं ऑफिसला मेल करून टाकलं. "गेला हं," म्हणाली. एवढंच. सहा वर्षं नोकरी केली, पण ऑफिस कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. लागलो फोनवर, सुटणारही फोनवरच.

काम सांगतो. लिफ्टमध्ये माणूस अडकला की घंटेचं बटण दाबतो. मग आतल्या जाळीतून कुणीतरी त्याच्याशी बोलतं. ते बोलणारा मी. त्याआधी अठ्ठावीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केली. गुडघे गेले, ती नोकरी सुटली, तेव्हा या नव्या कंपनीने एक कॉम्प्युटर आणि कानाला लावायचा हेडफोन घरी पाठवला. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण अडकलेल्या माणसाला शिक्षण नको असतं, सावकाश बोलणारा माणूस हवा असतो. मी जन्माचा सावकाश.

नियम दोनच. पहिलं वाक्य ठरलेलं: "घाबरू नका. भिंतीला पाठ लावून खाली बसा. तुम्ही बाहेर येईपर्यंत मी कुठे जात नाही." आणि शेवट ठरलेला. समोरच्याने 'मी बाहेर आलो' म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. मग कोणत्या मजल्यावर उतरला ते विचारायचं आणि मजल्याच्या रकान्यात आकडा भरायचा. आकडा भरल्याशिवाय कॉल बंद होत नाही, पडद्यावर लाल राहतो.

ही आतून ऐकायची आणि म्हणायची, "माझ्याशी बोललात का कधी एवढ्या गोडीने? थांबा, मीपण एकदा अडकून बघते."

नोकरी सोडली ती हिच्यासाठी. हिचे डोळे मावळत चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं, चार-सहा महिने थोडंफार दिसेल, पुढचं सांगता येत नाही. नात नुकतीच झालेली, लेकीकडे. ही म्हणाली, "मला तिचा चेहरा एकदा नीट बघून ठेवायचाय. तुमची तीस दिवसांची नोटीस संपली की एकतिसाव्या दिवशी मी गाडीत बसणार. तुम्ही आलात तर बरोबर, नाहीतर तुमच्याशिवाय." ही बोलते ते करते.

ऑफिसच्या बाईंचा दुसऱ्या दिवशी फोन आला. त्या दाणे भाजल्यासारख्या तडतड बोलतात. "सर, तीस दिवस नोटीस, शेवटच्या दिवशी हेडफोन नि कॉम्प्युटर कुरिअरने परत, बाकी सगळं क्लिअर, फक्त एक कॉल ओपन दिसतोय सर, लिफ्ट एकवीस, तीन वर्षांपूर्वीचा. तो बंद झाल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर निघत नाही. आकडा टाकून बंद करून टाका ना."

"आकडा मला माहीत नाही, बाई."

"कुठलाही टाका, सर."

मी कुठलाही टाकला नव्हता. तीन वर्षं टाकला नव्हता.

त्या दुपारी सगळ्या भागाची वीज गेली होती. सव्वाचारच्या सुमाराला अकरा लिफ्ट एकदम अडकल्या. एकवीस नंबर म्हणजे कागदाच्या गोदामाची लिफ्ट, इमारत तीनच मजल्यांची. आत एक बाई होती. मी तिला ठरलेलं वाक्य सांगितलं. तेवढ्यात दुसऱ्या लाइनवर लहान मूल रडायला लागलं. मी तिला म्हणालो, "आलोच." परत आलो तर लाइन मुकी. आमचा मेकॅनिक, त्याला सगळे पाना म्हणतात, तो अर्ध्या तासात पोचला. लिफ्ट तळमजल्यावर, दार उघडं, आत कुणी नाही. गोदामातली माणसंही म्हणाली, आमच्याकडे कुणी बाई नाहीच. तो खोडसाळपणा होता असं सगळ्यांनी ठरवलं. पण मी तिचा श्वास ऐकला होता. 'बाहेर आले' हे मात्र ऐकलं नव्हतं. म्हणून तो कॉल लाल राहिला.

राजीनाम्यानंतर चौथ्या दिवशी, दुपारी सव्वाचारला, एकवीस नंबर पेटला.

मी हेडफोन लावला. आधी नुसता श्वास. मग अगदी जवळून, "काका... आलात का?"

जसा काही मी दोनच मिनिटं बाजूला झालो होतो.

सवयीने वाक्य निघालंच. घाबरू नका. पाठ टेका. ती म्हणाली, "टेकलीय. इथे अंधार आहे. ग्रीसचा आणि ओल्या कागदाचा वास येतोय." मग लाइन गेली.

मी पानाला फोन केला. तो हसलाच. "काका, एकवीस? ती इमारतच पाडली. लिफ्ट दोन वर्षांपूर्वी भंगारात गेली, दोर मी माझ्या हाताने कापलेत. तुम्ही आता सुटायला आलात ना, म्हणून असं होतंय. माझा बाप नोकरीच्या शेवटच्या महिन्यात झोपेत गिरणीचा भोंगा ऐकायचा."

"झोपेत नव्हतो रे."

"मग चहा कमी प्या."

दुसऱ्या दिवशी पुन्हा सव्वाचार. तिसऱ्या दिवशीही. बाकीच्या लिफ्टचे कॉल यायचे, माणसं सुटायची, आकडे भरले जायचे. आणि सव्वाचारला ती. मी एकदा हिच्या कानाला हेडफोन लावला. ही ऐकत राहिली. "काही नाही हो, नुसता वारा वाहतोय. रिकाम्या डब्यात वाहतो तसा."

तेराव्या दिवशी मी विचारलं, "दाराच्या वर आकडे असतात. त्यातला कोणता पेटलाय?"

"एकही नाही, काका."

आणि थोड्या वेळाने, "तुम्ही जाणार म्हणे..."

मी तिला काही सांगितलं नव्हतं.

"तुम्ही म्हणाला होतात, मी बाहेर येईपर्यंत कुठे जात नाही."

हे वाक्य मी सहा वर्षांत हजारो माणसांना सांगितलं असेल. बाहेर पडल्यावर कुणाच्या ते लक्षातही राहत नाही. कुणी ते मनात धरून बसेल, असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

भीती वाटली का? वाटली. त्या आठवड्यात हेडफोन टेबलावर ठेवला तरी त्याच्याकडे पाठ करून बसवेना. पण आत ही चाचपत चाचपत पेट्या भरत होती. साडीची घडी डोळ्यांजवळ नेऊन रंग ओळखायची. मी ठरवलं, खोटा आकडा टाकायचा नाही आणि एकतिसावा दिवस चुकवायचाही नाही. तिला बाहेर काढायचं.

जुन्या लिफ्टला एक सोय असते. वीज गेली की वरच्या खोलीत चढायचं, एका हाताने ब्रेक सैल धरायचा आणि मोटारीवरचं मोठं चाक दुसऱ्या हाताने फिरवायचं. लिफ्ट इंच इंच सरकते. मी ते असंख्य वेळा केलं होतं. आता ना ती खोली, ना चाक. पण ती जिथे होती तिथेही काही नव्हतंच की. फक्त माझा आवाज पोचत होता.

तिसाव्या दिवशी सव्वाचारला मी म्हणालो, "आज तुम्हाला बाहेर काढतो. मी चाक फिरवतो. लिफ्ट हलली की सांगा."

टेबलासमोर बसून मी दोन्ही हात पुढे धरले आणि हवेत चाक फिरवायला लागलो. कुणी पाहिलं असतं तर म्हातारा कामातून गेला म्हटलं असतं. दहा फेऱ्या झाल्या, पंधरा झाल्या. विसाव्या फेरीला माझ्या हातांवर वजन आलं. खरं वजन. लिफ्टमध्ये एक माणूस असला की येतं तेवढं. खांदे भरून आले, तळवे चिकट झाले.

"हलली, काका..."

"बसून राहा. बोलू नका. मी आहे."

किती वेळ फिरवलं ठाऊक नाही. घाम डोळ्यांत उतरला, पण सोडलं नाही. अर्ध्यात सोडलं तर चाक उलटं फिरतं, लिफ्ट खाली जाते. मग कानात तो आवाज आला, दार सरकल्याचा. इतक्या वर्षांत मी तो लाखदा ऐकलाय.

"उघडलं," ती म्हणाली. "मी... मी बाहेर आले."

माझे डोळे भरून आले. खरंच. मी म्हणालो, "शाब्बास, बाळ." आणि मग नियमाप्रमाणे विचारलं, "कोणता मजला?"

तिची दोन पावलं ऐकू आली.

"इथे काही लिहिलेलं नाही, काका. तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल तो."

आता माझी चूक. चार दिवस मी सामानवाल्याला लेकीचा पत्ता फोनवर पाठ म्हणून दाखवत होतो. जिन्याशेजारची लिफ्ट, मजला पाचवा, डावीकडचं दार. ही आतून विचारत होती, "झालं का हो?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाच."

"पाच," ती म्हणाली. जपून, लहान मूल नवा शब्द म्हणतं तसं.

मी रकान्यात पाच भरला. लाल खूण गेली. तेव्हा कुठे डोक्यात आलं, त्या इमारतीला मजले तीनच होते.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. "ऑल क्लिअर सर, लेटर मेल केलंय, बेस्ट ऑफ लक सर." हेडफोन आणि कॉम्प्युटर डब्यात घालून मी कुरिअरवाल्याच्या हातात दिले. हात साबणाने तीनदा धुतले, ग्रीसचा वास गेला नाही.

एकतिसाव्या दिवशी आम्ही निघालो. लेकीकडे पोचताच हिने नातीला मांडीवर घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि पुस्तक वाचावं तसा तिचा चेहरा वाचला. कपाळ, भुवया, हनुवटीवरची खळी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "झालं माझं काम. आता अंधार पडला तरी चालेल."

तिथल्या पाचव्या दिवशी दुपारी मी दाराशी पेपर वाचत होतो. लिफ्ट आपोआप वर आली. दार उघडलं. आत कुणी नव्हतं. दार उघडंच राहिलं, एका माणसाला बाहेर यायला लागतो तेवढा वेळ, आणि मिटलं. मी घड्याळ पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

लेक म्हणाली, "अहो बाबा, कुणीतरी बटण दाबून जिन्याने गेलं असेल." दुसऱ्या दिवशी मी खुर्ची लिफ्टसमोर टाकली. पुन्हा तेच. फक्त या वेळी ओल्या कागदाचा वास आला.

पुढच्या दिवशी मी निश्चय केला. घरात तान्ही पोर आहे. माझी चूक मी निस्तरणार. दार उघडल्यावर एक पाय बाहेरच ठेवला, आत वाकलो आणि घंटेचं बटण दाबलं.

जाळीतून आवाज आला. सावकाश. माझ्यासारखाच सावकाश.

"घाबरू नका, काका. भिंतीला पाठ लावून खाली बसा."

"मी बाहेर आहे, बाई," मी म्हणालो. "माझा एक पाय बाहेर आहे."

"मग मजला सांगा."

मी दाराच्या वर पाहिलं. एकही आकडा पेटलेला नव्हता.

मागून हिने माझा शर्ट धरला आणि ओढलं. भिंत चाचपत आली होती बिचारी. "कानात बोळे घातलेत का? तासभर हाका मारतेय!" मला एक मिनिटही वाटलं नव्हतं. आमच्यामागे दार मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. ऑफिसचाच नंबर. मी उचलला.

"तुमच्या लेटरचं थोडं अडलंय," बाई म्हणाल्या. "एक कॉल ओपन दिसतोय. कालचा, सव्वाचारचा. लिफ्ट एकवीस. अडकलेल्या माणसाच्या जागी तुमचं नाव आहे. मजल्याचा रकाना रिकामा आहे. तुम्ही कोणत्या मजल्यावर उतरलात, काका?"

ऑफिसच्या बाई मला नेहमी सर म्हणायच्या. आणि इतकं सावकाश त्या कधी बोलल्या नव्हत्या.

आतल्या खोलीत ही नातीला थोपटत होती. दाराबाहेर, भिंतीवर, पाचाचा मोठा आकडा रंगवलेला आहे. एकदा तो आकडा सांगितला, तर ती या दारापर्यंत आली. मी तिकडे पाठ केली.

"सांगणार नाही," मी म्हणालो. "काही झालं तरी सांगणार नाही."

पलीकडे श्वास ऐकू येत राहिला. मग अगदी मायेने आवाज आला, "असू दे. तुम्ही बाहेर येईपर्यंत मी कुठे जात नाही."