विश्वासांक एक्क्याऐंशी

नागपूरच्या विमानतळावर हल्ली कोणी वेळ विचारत नाही, आकडा विचारतात. विमान तासभर रखडलं तरी चालेल, विश्वासांक नव्याण्णव हवा. विमानात चढायच्या प्रत्येक दारावर तो हिरव्या रंगात झळकत असतो आणि त्याच्याकडे बघत लोक निवांत चहा पितात.

शरयू ठवकरला या आकड्याचा मनापासून वीट आला होता. ‘नीलपंख’ कंपनीच्या प्रवाशांना विमानात बसवून देणं हे तिचं काम. दोन वर्षांपूर्वी याच कंपनीचं नागपूरहून कोचीला निघालेलं विमान डोंगरावर कोसळलं आणि त्यातलं कोणीही वाचलं नाही. बिघाड आधीपासून ठाऊक होता, पण तो दडवला गेला, हे कळल्यावर लोक रस्त्यावर उतरले. मग कायदा आला. विमानाची तब्येत प्रवाशाला आधी दिसलीच पाहिजे. विमानभर पेरलेले संवेदक आणि तंत्रज्ञांनी केलेल्या नोंदी यांवरून एक यंत्रबुद्धी अखंड गणित मांडू लागली. त्या गणिताचं उत्तर म्हणजे विश्वासांक.

चिडलेल्या लोकांना कडक नियम हवा होता, तसा तो मिळाला. बारीकशी नोंद झाली तरी आकडा धाडकन उतरे आणि दुरुस्ती झाल्यावरही आठवडाभर वर येत नसे. असलं विमान रिकामं उडे. साहजिकच तंत्रज्ञांनी आपली वाट शोधली. बिघाड यंत्राला सांगायचा नाही, पुढच्या पाळीतल्या माणसाच्या कानात सांगायचा. याला ते ‘कानगोष्ट’ म्हणत. बहुतेक वेळा पुढचा माणूस काम करूनही टाकी, त्यामुळे कोणाच्या मनाला काही टोचत नव्हतं.

त्या दुपारी पुण्याचं विमान सुटायच्या बेतात असताना देखभाल अभियंता तुळशीदास मेश्राम घाम पुसत आले.

"मॅडम, मी नोंद टाकून राहिलो. चाकाच्या ब्रेकपाशी तेल झिरपत होतं. सील बदललं, आता कोरडं ठाक आहे."

"बदललं ना? मग नोंद काहून टाकता? कानात सांगून द्या पुढच्याला." हे वाक्य आपल्या तोंडून किती सहज गेलं, याची शरयूला लाज वाटली.

"मलेही कानातच सांगितलं होतं सकाळच्यानं. त्याले त्याच्या आधीच्यानं. सगळ्यायले वाटलं, दुसऱ्यानं पाहिलं असंल. तेवढ्यात विमान पार दिल्लीपर्यंत जाऊन आलं ना जी."

नको म्हटलं असतं तर मेश्राम मान खाली घालून परत गेले असते, हे शरयूला पक्कं माहीत होतं. मुख्य कचेरीतून फोन येणार, खुलासा मागणार, हेही माहीत होतं. पण अपघाताच्या दिवशी याच दालनात रडून थकलेल्या माणसांना ती पाण्याच्या बाटल्या देत फिरली होती. पुन्हा तसं फिरायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"टाका," ती म्हणाली.

दारावरचा हिरवा नव्याण्णव गेला आणि पिवळा एक्क्याऐंशी उमटला. गर्दी उसळली. खांद्यावर तान्हं बाळ घेतलेला एक तरुण सगळ्यांत पुढे होता. "मारायला नेता काय आम्हाला? दोन वर्षांपूर्वीचं विसरलात इतक्यात?"

बिघाड सापडला, दुरुस्तही झाला, असं ती घसा बसेपर्यंत सांगत राहिली. शेजारच्या दारावर दुसऱ्या कंपनीचं पुण्याचंच विमान होतं, हिरवं नव्याण्णव. जागाही होत्या. बघता बघता जवळजवळ सगळी रांग तिकडे वळली.

मागे मोजकी माणसं उरली. त्यांतले एक म्हातारे गृहस्थ काउंटरपाशी आले. भंडाऱ्याचे काशिनाथ कापगते. त्यांची लेक त्या कोचीच्या विमानात होती, हे त्यांनीच सांगितलं, आवाज न चढवता.

"काय सापडलं, पोरी?"

शरयूने सगळं सांगितलं. तेल, सील आणि कानगोष्टसुद्धा. लपवायचाही तिला आता कंटाळा आला होता.

काकांनी अजून काउंटरपाशीच उभ्या असलेल्या मेश्रामांकडे बोट केलं. "म्हणजे या माणसानं पाहिलं आणि कबूल केलं, म्हणून आकडा उतरला."

"हो, काका."

"मग मी यातच बसतो." त्यांनी पास पुढे केला आणि शेजारच्या दाराकडे पाहिलं. "तिकडे कोणी पाहिलं काय?"

तिकडचे तंत्रज्ञही मेश्राम जेवत त्याच कँटीनमध्ये जेवत. कानगोष्ट त्यांनाही ठाऊक होती. त्या विमानात खरंच काही खोट नसेल, किंवा असेलही. शरयूने घोषणेचा माईक उचलला. काय सांगायचं? पुरावा काय? बाळाला खांद्यावर सावरत तो तरुण पलीकडच्या दारातून आत जात होता.

"सांग ना, पोरी," कापगते काका म्हणाले, "त्या विमानात बिघाड नाही, का कोणी सांगितलाच नाही?"