अक्ष

चंद्रावर सूर्य असतानाही आकाश काळंच असतं, म्हणून उद्धव मेढेकरांची दुर्बीण भर दिवसा दीर्घिकांचे फोटो काढत असे. मात्र तिचं नाभीय अंतर इतकं लांब, की तिचा फिरण्याचा अक्ष चंद्राच्या ध्रुवाच्या रोखापासून केसभर जरी ढळला, तरी फोटोत ताऱ्यांच्या रेघा उमटायच्या. इथे ध्रुवतारा म्हणावा असा ठळक ताराही नाही. मेढेकर एखादा तारा धरून तो उत्तरेला सरकतो की दक्षिणेला हे तासन्‌तास पाहत, आणि तेवढा अक्षाचा स्क्रू फिरवत. या कामाचा त्यांना भारी अभिमान होता.

"तीन महिने रोज फिरवता?" भूशास्त्रज्ञ नफीसा मुकादम यांनी विचारलं. "नेहमी एकाच दिशेला? नोंद कुठंय?"

"चूक दुरुस्त केली की संपली, मॅडम. तिची नोंद कशाला ठेवायची?"

"उद्धवराव, अक्ष चुकत नव्हता. जमीन कलतेय. आपण लाव्हाच्या बोगद्याच्या छतावर उभे आहोत. छत एका कडेने सुटलंय आणि दुसऱ्या कडेवर बिजागरीसारखं लोंबतंय."

खाली बोगद्यात पस्तीस माणसांची वस्ती होती. तिथली रोपवाटिका मेढेकरांची मुलगी केतकी सांभाळायची. आपण रोज धोक्याची खूण निगुतीने पुसत होतो, हे कळल्यावर त्यांना स्वतःची शरम वाटली.

माणसं वर आणून दूरच्या वाहनांत दाटीवाटीने बसवली. तिथे हवा पाच दिवस पुरेल एवढीच होती. मेढेकर आणि मुकादम मोजमापासाठी दुर्बिणीपाशी थांबले. मुकादमांनी अट घातली, की ज्या दिवशी स्क्रूला हात लावावा लागणार नाही, त्या दिवशी परतायचं.

पाचव्या दिवशी तारा जागचा हलला नाही. फोटोतला एकेक तारा गोल, टाचणीच्या टोकाएवढा. असा फोटो मेढेकरांना आयुष्यात साधला नव्हता. खाली परतायची परवानगी दिली गेली. "बाबा, उतरतेय," रेडिओवर केतकी म्हणाली.

मेढेकरांना मात्र चैन पडेना. दुर्बीण रोज सुरू करताना ते तीन किलोमीटरवरच्या टेकडीवरचा दिवा बघत. आज आनंदाच्या भरात ते राहून गेलं होतं. त्यांनी आता पाहिलं. ताऱ्यांच्या हिशोबाने दिवा कालच्यापेक्षा तीन विकला, म्हणजे अंशाचा बाराशेवा भाग, वर होता.

"टेकडी वर गेली?" ते पुटपुटले.

मुकादमांनी आकडा दोनदा तपासला. "आपण खाली आलोय. चार सेंटिमीटर. दुसरी कडही सुटली. आता छत कलत नाही, सरळ खाली उतरतंय. तारे इतके लांब, की त्यांच्यावरून फक्त कल कळतो. आपण किती खाली गेलो ते कळत नाही. माझी अटच चुकली."

त्याच छतावर आपणही उभे आहोत, हे मेढेकरांच्या मनातही आलं नाही. त्यांनी रेडिओ उचलला.

"केतकी, सगळ्यांना घेऊन वर ये. आत्ता."

"का? तारा पुन्हा सरकला का, बाबा?"

"नाही गं. सरकत नाहीये, म्हणूनच सांगतोय."