नोंदवलेला हात

ईश्वरी सातपुते मुद्दाम वाईट शिवत होती.

विसावा टाका तिने तिरपा घेतला, एकविसावा सैल सोडला, बाविसाव्याला चामड्याची वादी नको इतकी ओढली. काचेआडून तीन कॅमेरे तिच्या उजव्या हातावर नजर ठेवून होते. कोल्हापूरच्या हस्तनोंदणी कार्यालयात त्या दिवशी पंचवीस चप्पल-कारागीर आले होते आणि बाकीचे चोवीस जण जीव तोडून आपलं सर्वांत देखणं काम करत होते. हिची एकटीची गत उलटी. चाळिसाव्या टाक्याला पडदा लाल झाला.

‘हा हात आधीच नोंदवलेला आहे. नोंद: सुवर्णा सातपुते.’

सुवर्णा म्हणजे तिची सासू. ती बाहेर बाकावर बसून सुनेसाठी आणलेली पेढ्यांची पुडी सांभाळत होती.

लाल पडद्याचा अर्थ कळायला थोडं मागे जावं लागेल. एके काळी फॅशनच्या बाजारात नकली मालाने धुमाकूळ घातला होता. नाव छापता येत होतं, शिक्के उठवता येत होते, होलोग्रामसुद्धा किलोवर मिळत होते. मग डॉ. ऋजुता केळुसकर यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. आपला हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. मेंदू आणि स्नायू यांच्या ओढाताणीतून तो सतत अतिसूक्ष्म थरथरत असतो आणि ही थरथर प्रत्येकाची वेगळी असते. आरी टोचताना, वादी ओढताना ती टाक्यात उतरते. टाका वाकडा घ्या, सरळ घ्या, खालची थरथर तीच राहते. तिला त्यांनी नाव दिलं हातठसा.

कायद्याने हातठशाला व्यापारचिन्हाचा दर्जा दिला आणि नकली मालाचा बाजार दोन वर्षांत उठला. सगळे खूश झाले, कंपन्या जरा जास्तच. कारण ठसा विकत घेता येत होता. कारागिराचा नोंदवलेला हात यंत्राच्या बाहूत भरला की ते बाहू त्याच थरथरीने लाखो जोड शिवत आणि कायद्याच्या लेखी ते सगळे अस्सल ठरत. दुसऱ्या कुणाच्या टाक्यात तोच ठसा सापडला, तर तो माणूस नकलाकार. त्याला हातबंदी, म्हणजे हाताने बनवलेली कुठलीही वस्तू जन्मभर विकायला मनाई.

त्रिवेल नावाच्या फॅशन कंपनीने अकरा वर्षांपूर्वी सुवर्णाचा हात असाच घेतला होता. चपलेवर तिच्यासारखी चामड्याची वेणी घालणारं आणि तिच्यासारखा टाका घेणारं तेव्हा जिल्ह्यात कुणी नव्हतं. पण नमुन्याचा जोड द्यायच्या आठवड्यात ती तापाने फणफणली. तशीच उठून तिने जोड शिवला आणि तो बिघडला. सातपुत्यांच्या घरात एक रीत होती. मोठ्यांचं काम चुकलं तर धाकट्याने ते गुपचूप उसवून नीट करायचं आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मोठ्यांनीही विचारायचं नाही. नव्या नवरीने, ईश्वरीने, सासूचा मान राखला. सगळे टाके उसवून तिने पुन्हा घातले. रीत जुनी होती, यंत्र नवं होतं, आणि दोघांची गाठ पडली की काय होतं हे तिला बिचारीला कोण सांगणार?

वर्षभराने सुवर्णाने हौसेने शिवलेला एक जोड तपासणीतून परत आला. ठसा नोंदीशी जुळत नाही म्हणून त्यावर शिक्का होता: बनावट. सासूच्या नावावर आपलाच हात नोंदला गेलाय हे ईश्वरीला उमगलं आणि तिची पाचावर धारण बसली. त्या दिवसापासून तिने आरी सोडली. हाताला मुंग्या येतात असं सांगून ती नुसते तळ कापत राहिली. आता मात्र सासूनेच हट्ट धरला होता, ‘मी थकलो, तू शिवायला घे, नाव नोंदव.’ सरकारी नोंदीशिवाय शिवलेला जोड विकता येत नव्हता.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून स्वतः डॉ. केळुसकर आल्या. बाई सभ्य होत्या, पण आपल्या शोधावर त्यांचा आंधळा विश्वास होता.

“दोन माणसांचा ठसा एक असू शकत नाही,” त्या म्हणाल्या. “शिकवून कसब देता येतं, थरथर देता येत नाही.”

“माझ्या हाताखाली शिकली वो ती,” सुवर्णा म्हणाली. “हात लागलाच की माझा.”

“हात असा लागत नाही, मावशी. तुम्ही शिवून दाखवता?”

ईश्वरीने सासूकडे पाहिलं. आता आत्तींचा टाका जुळणार नाही आणि सगळं बाहेर पडणार. भीतीच्या तळाशी तिला सुटल्यासारखंही वाटलं.

सुवर्णाने आरी घेतली. एक, दोन, दहा, चाळीस. पडदा हिरवा झाला. ‘अस्सल. सुवर्णा सातपुते.’

ईश्वरी बघतच राहिली. हे होणंच शक्य नव्हतं.

सुवर्णा हसली. एवढी खुललेली ती कित्येक वर्षांत दिसली नव्हती. “आता सांगतो. त्या तापानं माझा हात गेलता, बाई. माझाच जोड बनावट म्हणून परत आला. लई रडलो. मग म्हटलं, मशीननं माझा चांगला हात जपून ठेवलाय न्हवं, त्याच्याकडनंच परत घ्यायचा. कंपनीनं तपासणीचं छोटं यंत्र दिलंतं. ही तळ आणायला गेली की दुपारी रोज बसायचो. टाका घातला की शंभरात किती जुळला त्याचा आकडा दिसायचा. एकतीसनं सुरू केलं. आकडा चढंल तसा हात वळवायचा. धा वर्षं लागली. पण मिळवला माझा हात!”

डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबलं. दहा वर्षं आकड्यामागे धावून कुणी आपली थरथर बदलू शकेल हे त्यांच्या कुठल्याच समीकरणात नव्हतं. “म्हणजे तो हात मुळात तुमचा होता, म्हणून परत आला असेल,” त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. मग त्यांनी मान वर केली. “तापाच्या आधी शिवलेला एखादा जोड आहे घरी? तो तपासला की एका मिनिटात कळेल.”

“हाय की! कपाटातच हाय. आणतो.” सुवर्णा उठलीसुद्धा.

ईश्वरीला कळलं की हातात आहे तो एवढाच क्षण. तो जोड इथे आला की नोंदीशी जुळणार नाही आणि मग नोंद तिच्या नावावर होईल. हात तिचा होईल, आरी तिची होईल. आणि आत्तींना कळेल की दहा वर्षं त्यांनी स्वतःचा हात पुसून सुनेचा गिरवला. आपला हात कसा होता हे आता त्यांनाही आठवत नव्हतं. तो परत आणायला कुठलं यंत्र मिळणार होतं?

“जोड नको,” ईश्वरी म्हणाली. “मीच नक्कल केली. आत्ती घरात नसल्या की त्याच यंत्रावर बसायचे मी. लिहून घ्या.”

“ईश्वरी, हातबंदी जन्मभराची असते,” डॉक्टर सावकाश म्हणाल्या. “जोड मागवायचा माझा अधिकार कबुलीजबाबानंतर संपतो. नीट विचार करा.”

“केला. लिहा.”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना काहीतरी उमगलं असावं. पण कबुलीजबाब समोर होता, दोन्ही पडदे त्याला दुजोरा देत होते आणि कायद्याला यापलीकडे काही विचारायचं नव्हतं. त्यांनी लिहून घेतलं. ईश्वरीने अंगठा टेकवला आणि तिच्या नावापुढे ‘बनावट हात’ अशी नोंद झाली.

सुवर्णा दारातच थिजली होती. ती हळूहळू मागे आली, टेबलावरची आरी उचलून तिने पदराआड घेतली आणि सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत रागापेक्षा दुखावलेपणच जास्त होतं.

“मागितला असतास तर दिला असता की गं,” ती म्हणाली. “माझा हात चोरलास कशापाय?”