मार्केट क्रॉसपाशी आलेली हाक

ही ऐकीव गोष्ट नाही. मी स्वतः तिथे होते. विश्वास ठेवा, नका ठेवू... कुणाला पटवायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

मागचा डिसेंबर. ब्रिस्टलजवळचं छोटं गाव. साडेचारलाच अंधार पडलेला.

माझी धाकटी बहीण ऋजुता तिथे राहते. तिची सात वर्षांची तनू सप्टेंबरात तापाने गेली. मी बर्मिंगहॅमला नर्स आहे. काही म्हणजे काही करता आलं नाही मला.

चर्चला लागून तिथे जुना दगडी मार्केट क्रॉस आहे. खाली पायऱ्या, वर उंच खांब. पूर्वी भोवती बाजार भरायचा. शाळा सुटली की तनू तिथे आईची वाट बघत बसायची. ती गेल्यापासून ऋजुता तो रस्ता टाळायची.

"किती दिवस लांबून जाणार? चल, मी आहे ना," मीच म्हटलं.

पाऊस नुकताच थांबला होता. चर्चच्या घंटा वाजत होत्या.

क्रॉसजवळ आलो आणि... घंटा थांबल्या.

"आई..."

तनूचाच आवाज. खांबाच्या पलीकडून.

ऋजुताने तोंड उघडलं आणि स्वतःच हाताने दाबून धरलं. आमच्या घरची शिकवण. तिन्हीसांजेला हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. तीन हाका होऊ द्यायच्या. वाईट असेल ते तिसरी हाक मारत नाही.

"ताई, तिसरी आली तर माझी तनूच ना गं?"

"आई..."

आता जवळून. रडवेली.

आम्ही थांबलो.

तिसरी आलीच नाही.

मोबाइलच्या उजेडात पलीकडे गेलो. कुणी नव्हतं. सगळ्या पायऱ्या ओल्या. एकीवर मात्र एवढीशी जागा कोरडी...

हात लावला. कोमट होती.

ऋजुता तिथेच कोसळली. "दोनदा बोलावलं गं तिने. मी ओ दिली नाही. घाबरली असेल माझी पोर."

आता ती रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसते. "ताई, तुम्ही तरी समजवा," नकुल, तिचा नवरा, म्हणतो. काय समजावू, कपाळ?

काल तिथूनच तिचा फोन आला. बोलता बोलता ती गप्प झाली.

मग हळूच म्हणाली, "ओ, बाळा."

मला हाक ऐकू आली नव्हती. पण ती मला विसरून कितीतरी वेळ बोलत राहिली. शाळेचं, डब्याचं. मध्ये मध्ये थांबून, ऐकून घेत.

मी फोन कानाला धरून रडत होते. ठेवायचा धीर झाला नाही.