कुशाबाची दोरी

पटो न पटो, हे घडलेलं आहे. ज्याच्यावर गुदरलं तो पौडचा नबीलाल मिस्त्री. थापा मारायची तर त्याला अक्कलच नव्हती.

१९७८ची दिवाळी नुकतीच उलटलेली. मुळशी धरणाच्या पाण्याकाठचं एक गाव. उन्हं कलत आलेली.

पलीकडच्या सडकेला जायला इंजनाची एकच होडी. ती चालवणारा कुशाबा महिन्यापूर्वी वारला, तेव्हापासून इंजन मुकं. म्हणून त्याच्या पोरानं, कोंडाजीनं, नबीलालला बोलावलेलं.

आणि त्याच दुपारी भात कापताना कोंडाजीच्या बायकोला, लीलाबाईला, नाग चावला.

दवाखाना पलीकडं, म्हणून तिला होडीत निजवलं. नबीलालनं प्लग काढून निखाऱ्यावर शेकला. ठिणगी पडत होती. पेट्रोल ताजं होतं. कार्बोरेटर फुंकून साफ केला. चाकाला दोरी गुंडाळून ओढली...

फुस्स.

वीसदा. तीसदा. तळहात सोलले.

"मिस्त्री, कमी काय हाय त्यात?"

"कायबी कमी न्हाई, कोंडाजी. त्येच तर."

कोंडाजी खाली बघत म्हणाला, "बाची सुताची दोरी न्हाई. कुणाला हात लावू द्यायचा न्हाई तिला. म्या ती त्याच्यासंगं सरणावर ठिवली."

"इंजन हाय ते. माणूस वळखून धार द्यायला म्हस न्हाई तुजी."

वल्ह्यानं जायला दोन तास. इंजनानं वीस मिनिटं. अजून एकदा, अजून एकदा करता करता दोन तास तसेच गेले.

लीलाबाईच्या पापण्या मिटल्या. हात उचलेना.

मग वास आला... जळक्या सुताचा.

होडी एका अंगाला कलली. कुणी चढावं तशी.

चढलं कुणीच नव्हतं.

लीलाबाईचा तो निर्जीव हात वर गेला. तिनं पदर डोक्यावरून पार तोंडापर्यंत ओढला. सासरा समोर आला की ओढायची, तस्सा.

आणि इंजन सुरू झालं...

दोरी नबीलालच्या हातातच होती, चाकाला गुंडाळलेलीसुद्धा नव्हती.

वीस मिनिटांत होडी पलीकडं लागली. कोंडाजीनं पदर बाजूला केला. लीलाबाई गेली होती.

त्यानंतर नबीलालनं होडीच्या इंजनाला कधी हात लावला नाही. जेवताना मध्येच घास थांबायचा. बायकोला, फहमिदाला, विचारायचा, "तो तिला वाचवायला आलता, का न्यायला?"

फहमिदा डोक्यावरचा पदर तेवढा सारखा करायची.