माळावरच्या वायरलेसची हाक

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कोणी असलं काही सांगायला लागलं की मी उठून जातो. पण हे आमच्या घरात घडलंय, आणि ज्यांच्या जिवावर बेतलं ते माझे वडील अजून हयात आहेत. ज्याला थाप वाटते त्याने खुशाल वाटून घ्यावी.

साल १९४४. होळीची पहाट. जागा, मानोऱ्याजवळचा एक उघडा माळ.

महायुद्ध चालू होतं. वाटेत बिघडलेल्या विमानांना उतरता यावं म्हणून लष्कराने त्या माळावर एक कच्ची धावपट्टी केली होती. कडेला पत्र्याची खोली. खोलीत वायरलेसचा सेट. आणि सेटपाशी माझे आजोबा, जानराव. मूळचे अनसिंगचे. लष्करात वायरलेस शिकलेले, इंग्रजी फडाफडा बोलणारे, आणि त्याचा भलताच तोरा मिरवणारे.

हाताखाली खेमा होता, जवळच्या तांड्यावरचा. अंधारात विमान आलं की आजोबा शिट्टी मारायचे आणि खेमा धावपट्टीच्या दोन्ही बाजूंनी तेलाचे दिवे पेटवायचा. दोन सरळ रांगा. त्या बघून विमान उतरायचं.

खेमाने होळीसाठी घरी जायची परवानगी मागितली. आजोबांनी दिली. आमच्याकडे होळी संध्याकाळी पेटते. तेव्हा रात्रीच परत येऊन खेमा धावपट्टीजवळच्या आपल्या झोपडीत झोपला असेल, असं ते धरून चालले.

तांड्यावरची होळी पेटते पहाटे.

हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

पहाटे सेट खरखरला...

एक तरुण गोरा वैमानिक बोलत होता. विमानाचं एक इंजिन बंद पडलेलं, दुसरं कधी पडेल याचा नेम नाही. आजोबांनी दारातून शिट्टी मारली आणि लगेच येऊन सेटपाशी बसले.

"आग दिसतेय," तो म्हणाला. "टेकडीच्या डाव्या अंगाला. तुमचीच ना?"

"हो. उतरा."

"दोन रांगा दिसत नाहीत. एकच मोठी आग आहे. जरा बघून सांगा."

दारात जाऊन फक्त बघायचं होतं हो. पण आपण सांगितल्यावर हा पुन्हा विचारतो, याचाच त्यांना राग आला.

"सांगितलं ना एकदा. तीच आहे. उतरा."

विमानाची घरघर खाली खाली येत गेली...

आणि मग तो आवाज.

"इथे माणसं आहेत. खाली माणसं आहेत. तू खोटं बोललास."

होळीभोवती अख्खा तांडा नाचत होता. लेकरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळे. त्यांना वाचवायला त्याने विमान वर खेचलं. ते टेकडीवर आदळलं आणि पेटलं. त्याचं शरीरसुद्धा धड मिळालं नाही.

चौकशी झाली. आजोबा धडधडीत खोटं बोलले.

"हाक आलीच नाही. सेट गप्प होता."

वर असंही सांगितलं, की खेमा न विचारता पळाला आणि तांड्याच्या आगीने विमान फसलं. खेमाला बेड्या घालून नेलं. त्याची बायको धुरपताबाई आजोबांच्या दारात येऊन उभी राहिली.

"तो गोरा मेला, पन आमाले वाचवून मेला," ती म्हणाली. "अन तुमी म्हनता हाक आली नाई. येईल आता."

आजोबा नोकरी सोडून अनसिंगला आले. शेती बघू लागले. त्या माळाचं नाव घरात कोणी काढायचं नाही, असा त्यांचा दंडक होता.

दिवाळी होऊन गेली होती. भर दुपारची वेळ. माझी आजी कस्तुराबाई ओसरीवर ज्वारी पाखडत होती. आजोबा जेवून नुकते टेकले होते.

अंगणातल्या चिमण्या एकदम गप्प झाल्या...

आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या घागरीतून खरखर ऐकू आली.

आजीला वाटलं आत उंदीर पडला. ती वाकली. तर घागरीतून माणूस बोलला. इंग्रजीत.

आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय म्हनून राह्यला तो?" आजीने विचारलं.

"ऐकू येते काय, असं इचारते. उत्तर दे म्हनते."

त्या दिवशी त्यांनी आजीला सगळं खरं सांगितलं. पहिल्यांदाच.

आजी घट्ट बाई. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "जो दिसत नाई त्याच्या हाकेले ओ देत नसतात. ओ देली का मानूस गेला. तुमी तोंड उघडू नका."

पण वायरलेसवाल्याचा जन्म गेलेला हाकेला उत्तर देण्यात. आवाज आला की आजोबांचे ओठ आपोआप हलायचे. आजी धावत यायची आणि पदराचा बोळा त्यांच्या तोंडात कोंबायची.

कधी कणगीतून आवाज यायचा. कधी विहिरीतून. एकदा तर बैलाच्या पाण्याच्या डोणीतून आला, आणि बैल दावं तोडून पळाला.

त्याला आजोबाच हवे होते. आणि तो वाट बघायला तयार होता.

पुन्हा होळी आली. गावची होळी संध्याकाळी पेटली, नैवेद्य झाला, सगळे झोपले.

पहाटे आजीला जाग आली. माझे वडील तेव्हा रांगते होते, पाळण्यात झोपलेले. आजी एका हाताने दोरी ओढत होती.

पाळणा मध्येच थांबला...

दोरी ओढली तरी हलेना.

बाळाने तोंड उघडलं. रडायला नाही. नुसतंच उघडलं.

आतून खरखर आली...

दातही न आलेल्या त्या तोंडातून मोठ्या माणसाचा आवाज आला. तेच इंग्रजी. तोच सवाल. बाळाचं अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ निळे. आणि घरभर पेट्रोलचा वास.

आवाज थांबेना. बाळाला श्वास घेता येईना.

दिवाळीपासून ज्या बाईने नवऱ्याचं तोंड दाबून धरलं, तीच आता म्हणाली, "बोला. पोरगं जाते माहं. बोला आता."

आजोबा पाळण्यावर वाकले. इंग्रजीत काहीतरी बोलले. मग आपल्या बोलीत म्हणाले, "मले हाक आली होती. मीच खोटं बोललो. पोराले सोड."

बाळाने श्वास ओढला आणि टाहो फोडला.

त्याच वेळी घरावरून इंजिनाची घरघर आली. इतक्या खालून, की कौलं थरथरली. आजोबा उठले. आजीकडे एकदा बघितलं आणि दार उघडून अंगणात गेले.

आजी पोराला छातीशी धरून मागोमाग गेली.

अंगणात कोणी नव्हतं...

धूळ उडत होती. दाराशी त्यांच्या वहाणा होत्या. गावाने विहिरी उपसल्या, नाले पालथे घातले. आजोबा आजपर्यंत सापडले नाहीत.

खेमा सुटला तो पूर्ण शिक्षा भोगूनच. खरं काय ते आजीला माहीत होतं, पण आमच्या घरातून कोणी त्याच्या बाजूने बोलायला गेलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या होळीला पहाटे घागर पुन्हा खरखरली.

या वेळी आवाज इंग्रजीत नव्हता.

"कस्तुरा... आग दिसून राह्यली. हे आपलंच गाव हाय ना? सांग, उतरू काय?"

आजीने स्वतःच्या तोंडात पदर कोंबला. दर होळीला ते विचारायचे आणि दर होळीला ती पदर चावत बसून राहायची. मरेपर्यंत तिने नवऱ्याला ओ दिली नाही.

ती गेल्यावर ते माझ्या वडिलांना हाक मारू लागले.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. यंदा होळीच्या पहाटे मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. घागर कधीच मोडीत घातलीय, आता आवाज भिंतीतून येतो.

"पोरा... थकलो रे. हे आपलंच गाव हाय ना?"

बाबांनी तोंड उघडलं.

मी दोन्ही हातांनी त्यांचं तोंड दाबून धरलं. ते धडपडले, पण मी सोडलं नाही. भिंतीतला आवाज बराच वेळ विचारत राहिला. मग दूर गेला.

मी हात काढले तेव्हा बाबा रडत होते.

"माह्यासाठी माहा बाप बोलला होता," ते म्हणाले. "मले काहून बोलू देलं नाई?"

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. पुढच्या होळीला मी घरात नसलो, तर ते ओ देणार, हे मला पक्कं माहीत आहे.