आडव्या सोंगट्या

बचावयान ‘तारू’ने उतरण्यासाठी जी जागा निवडली, नेमकी तिथेच अक्षता कासार उभी होती.

पुण्याच्या चांद्र बचाव केंद्रात सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. समोरच्या पडद्यावर तारूला वरून दिसणारी चंद्रभूमी होती. लांबच लांब सावल्या, राखाडी धोंडे, उलटून पडलेली गाडी आणि तिच्याजवळ दोन पांढऱ्या आकृत्या. एक अक्षता, दुसरा तिचा सहकारी सॅम्युअल रणपिसे. गाडी उतारावरून घसरून खड्ड्याच्या तळाशी आली होती आणि दोघांकडे जेमतेम तासाभराचा प्राणवायू उरला होता. यान कुठे टेकणार हे दाखवणारी तांबडी फुली, म्हणजे उतरणखूण, अक्षताच्या आकृतीवर बसली होती.

“अक्षता, सॅम्युअल, तिथून हला. डाव्या हाताला शंभर पावलं,” नियंत्रण अभियंता अस्लम मुजावर माइकमध्ये म्हणाला.

आकृत्या उड्या मारत डावीकडे गेल्या. फुलीही त्यांच्या मागोमाग गेली आणि पुन्हा अक्षताच्या पायांशी येऊन थांबली.

तारूच्या इंजिनाचा झोत साठ मीटरच्या आतल्या माणसाच्या पोशाखाच्या चिंध्या करतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

“अहो, थांबवा की त्याला!” मागे उभे असलेले निवृत्ती कासार ओरडले. ते अक्षताचे वडील.

“थांबवता येत नाही, काका. शेवटच्या टप्प्यात तारू कुणाचंच ऐकत नाही.”

ही खोड नव्हती, रचनाच तशी होती. चंद्रावरचे दृश्य इथे यायला सव्वा सेकंद आणि इथला हुकूम तिथे पोचायला सव्वा सेकंद. अशा शिळ्या हुकमांपायी तीन वर्षांपूर्वी एक मालवाहू यान धोंड्यावर आपटले होते. तेव्हा केंद्राच्या प्रमुख डॉ. सुलक्षणा टेंभे यांनी उंटावरून शेळ्या हाकणे कायमचे बंद केले. शेवटच्या टप्प्यात यानाचे कान बंद आणि डोळे उघडे. पाहायचे त्यानेच आणि ठरवायचेही त्यानेच.

त्या डोळ्यांचे नाव भूदृष्टी. आणि भूदृष्टीला जमीन पाहायला शिकवले होते निवृत्ती कासारांनी.

निवृत्ती काही शास्त्रज्ञ नव्हेत. इचलकरंजीत त्यांचे बांगड्यांचे दुकान होते आणि दुकानाच्या माळ्यावर टेबलावरच्या लढाया खेळणाऱ्या मंडळींचा अड्डा. बोटाएवढ्या सोंगट्या, फासे, मोजपट्टी आणि लढायला टेबलभर डोंगरदऱ्या. विकतचे डोंगर परवडणारे नव्हते, म्हणून निवृत्ती ते घरीच करत. फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलचे कडे, त्यावर रद्दीचा लगदा, वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची माती आणि फुटक्या बांगड्यांच्या चुऱ्याचा ओढा. सोंगटी कमी पडली तर काडेपेटीतली काडी उभी करायची आणि तिच्या टोकाला हरभरा चिकटवायचा. अक्षता त्या टेबलाखाली रांगली आणि त्याच टेबलावर लढायला शिकली. अंतराळवीर झाल्यावर तिनेच डॉ. टेंभे यांना सांगितले, “तुमचे संगणकातले डोंगर फार साफसूफ आहेत, मॅडम. खरी जमीन ओबडधोबड असते. तशी ती आमच्या अण्णांच्या हातून उतरते.”

लोक हसले. शेजारच्या दालनात थर्माकोलची पोती आणि चोथ्याच्या बरण्या आल्या तेव्हा तर पोट धरून हसले. पण दोन वर्षांत निवृत्तींनी सहा हजार प्रतिरूपभूमी केल्या, मोडल्या आणि पुन्हा केल्या. प्रत्येकीचा वरून फोटो आणि फोटोसोबत त्यांच्या हातची चिठ्ठी: सपाट कुठे, भुसभुशीत कुठे, जिवंत माणसे किती. ते पाहून पाहून भूदृष्टी शिकली, आणि अशी शिकली की नाकाने कांदे सोलणारे गप्प झाले. गेल्या पावसाळ्यात तिला ड्रोनवर बसवून चिरेवाडीच्या दरडीवर पाठवले, तेव्हा जिवंत माणसे शोधायला पथकांना तीन दिवस लागले असते ते काम तिने चाळीस मिनिटांत उरकले. तेव्हापासून केंद्रात कुणी तिच्यावर शंका घेत नसे.

“ही माणसावरच का उतरतेय?” डॉ. टेंभे म्हणाल्या. “आपण तिला एवढंच सांगितलंय की खात्रीची जागा शोध. माणसं आपण होऊन बाजूला होतील, हे धरून चाललो होतो.”

“झाली की बाजूला. ही मागे लागलीय त्यांच्या.” मुजावरने पडद्यावरचे आकडे दाखवले. “हे बघा. आजूबाजूची सगळी जमीन संशयास्पद. ही दोघं उभी आहेत तेवढीच शंभर टक्के सपाट. पाच मिनिटांपूर्वी ती गाडीजवळ होती, तेव्हा तिथली शंभर टक्के होती.”

“जमीन तर बदलली नाही.”

“नाही. फक्त ही दोघं हलली.”

काचेच्या भिंतीपलीकडे निवृत्तींचे टेबल होते, त्यावर कालचा अर्धवट डोंगर. निवृत्ती त्याच्याकडे पाहत राहिले, मग पडद्याकडे वळले.

“मॅडम, ती जमीन बघतच न्हाई. ती सोंगटी बघतीय,” ते म्हणाले. “सोंगटी उतारावर ठेवली की पडती. म्हणून मी आधी तिच्यापुरती जागा सपाट करतो, मग तिला ठेवतो. डोंगर कितीबी वाकडा असू दे. सहा हजार टेबलं केली, एक सोंगटी वाकड्या जागेवर उभी न्हाई.”

डॉ. टेंभे यांना समजायला क्षणही लागला नाही. सहा हजार चित्रांत एकदाही न चुकलेली गोष्ट यंत्राने नियम म्हणून उचलली होती. उभा माणूस हीच त्याच्या लेखी चांगल्या जमिनीची खूण. सावल्या फसवतात, धोंडे फसवतात, सोंगटी कधीच फसवत नाही.

“किती वेळ आहे?”

“फुली वीस सेकंद एका जागी ठरली की उतरायला लागेल. फुली त्यांनाही दिसतेय, ते दोघं पळतायत म्हणून यान थांबलंय. किती पळतील, मॅडम? प्राणवायू जातोय.”

निवृत्तींनी मुजावरच्या हातातला माइक जवळजवळ ओढून घेतला. “अक्षे, आडवी हो! दोघंबी आडवी व्हा! उभं राहू नका!”

अडीच सेकंद गेले. मग दोन्ही आकृत्या एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला धुळीत पडल्या. फुली थरथरली, इकडे तिकडे फिरली आणि शंभर मीटर दूर, मोकळ्या सपाटीवर जाऊन बसली. मुजावरचा जीव भांड्यात पडला. कुणीतरी टाळीही वाजवली.

ती टाळी पुरी होते न होते तोच पडद्यावर नवी ओळ उमटली.

जिवंत: शून्य. उतरणे रद्द. पाच मिनिटांनी माघार.

“शून्य?” मुजावर खुर्चीवरून उठला. “आत्ता दोन होते! आत्ता याच्याच समोर पळत होते!”

ध्वनिक्षेपकातून अक्षताचा धापा टाकणारा आवाज आला. “अण्णा, इथे पोशाखाच्या काचेवर मला पण दिसतंय ते. अण्णा, आडवी सोंगटी...”

“मोजायची न्हाई,” निवृत्ती म्हणाले आणि मटकन खाली बसले.

डॉ. टेंभे त्यांच्याकडे पाहत राहिल्या. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत केंद्रातली अर्धी मंडळी त्या टेबलावर लढाया खेळत. निवृत्ती डाव मध्येच थांबवून फोटो काढत, कारण खेळात मांडणी आपोआप नवी होते. मेलेली सोंगटी खेळाडू जिथल्या तिथे आडवी करून ठेवतात. “जिवंत किती ते लिहा, म्हणाला होता तुम्ही,” निवृत्ती पुटपुटले. “मी उभ्या लिहिल्या. मला वाटलं, सगळ्यांना ठावं आहे.”

“मला नव्हतं. मी विचारलंच नाही,” डॉ. टेंभे म्हणाल्या. जिथे जिवंत कुणी नाही तिथे उतरून यान धोक्यात घालायचे नाही, हा नियम त्यांनी स्वतः लिहिला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

दोघे उभे राहिले तर यान अंगावर उतरणार. आडवे राहिले तर मेलेले समजून सोडून जाणार.

“अण्णा!” अक्षताचा आवाज आला. “काडी आणि हरभरा!”

निवृत्ती ताडकन उठले. “व्हय गं पोरी! काठी हाय का?”

“मोजणीची आहे. वर नमुन्यांची पिशवी बांधते.”

“पिशवी गोल कर. दगड भर, बोचकं दिसलं न्हाई पाहिजे, डोकं दिसलं पाहिजे. आणि जागा सपाट बघ. तू स्वतः बघ, त्याच्यावर इसंबू नको.”

पडद्यावर एक आकृती उठली. ताबडतोब ‘जिवंत: एक’ अशी ओळ आली आणि फुली झेप घेऊन तिच्यावर बसली. अक्षता मोकळ्या सपाटीकडे निघाली. चंद्रावर पळणे म्हणजे लांबलांब उड्या, आणि एक उडी चुकून ती गुडघ्यावर पडली तेव्हा आकडा पुन्हा शून्य झाला. मुजावरने डोळे मिटून घेतले. ती उठली. एक. माघारीला दोन मिनिटे दहा सेकंद उरले होते. सपाटीच्या मध्यावर तिने काठी रोवली. ती कलली. तिने पुन्हा रोवली, बुडाशी बुटाने माती दाबली.

“आता पळ,” निवृत्ती माइकमध्ये म्हणाले. “मागं बघू नको.”

दोन आकृत्या होत्या आता, एक पळणारी आणि एक उभी. फुलीला क्षणभर ठरवता येईना. ती पळणारीच्या मागे गेली, परत आली, पुन्हा गेली. अक्षता धोंड्याआड पोचली आणि तिने अंग धुळीत टाकले. फुली सावकाश फिरून काठीकडे आली आणि स्थिर झाली.

वीस सेकंद. मग तारू उतरू लागले. धुरळ्याने पडदा पांढरा झाला आणि तो निवळला तेव्हा यान चार पायांवर उभे होते. काठीचा आणि पिशवीचा मागमूसही उरला नव्हता. धोंड्याआडून एक आकृती उठली आणि तिने दुसरीला हात देऊन उठवले.

खोलीत एकच गलका झाला. लोक हसत होते, रडत होते, मुजावरने निवृत्तींना उचलून घेतले. “काका, हरभऱ्याच्या झाडावर चढवत नाही तुम्हाला, पण हरभऱ्यानं वाचवलं आज!” निवृत्ती डोळे पुसत हसले. सगळ्यांनी डॉ. टेंभे यांच्याकडे पाहिले.

त्या हसत नव्हत्या. त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या.

“अस्लम, चिरेवाडीचा अहवाल काढ,” त्या म्हणाल्या.

“आत्ता, मॅडम?”

“आत्ता.”

मुजावरने बाजूच्या पडद्यावर अहवाल उघडला. तो सगळ्यांच्या ओळखीचा होता, त्यावर केंद्राला शाबासकीचे पत्र आले होते. डोंगर अजून सरकत होता, बचावपथके पायथ्याशी खोळंबली होती. सकाळी नऊ ते नऊ चाळीस, ड्रोनच्या दोन फेऱ्या. निष्कर्ष: जिवंत: शून्य. त्या शून्यावर विसंबून पथकांना मागे बोलावले. उगाच आणखी जीव धोक्यात घालायचे नाहीत, असे डॉ. टेंभे यांनीच फोनवर सांगितले होते. माती काढायला लोक तिथे गेले ते पाचव्या दिवशी.

गलका एकेक करून थांबला. ज्याला समजत गेले तो गप्प होत गेला.

“तिथं माणसं किती होती?” निवृत्तींनी विचारले.

“तेवीस.”

“अंगावर डोंगर आल्यावर उभं कोण राहणार, मॅडम?”

मुजावरने दोन्ही फेऱ्यांची चित्रे शेजारी शेजारी लावली. पहिल्या फेरीत, मोडलेल्या पत्र्यांपाशी, हिरव्या लुगड्यातली एक बाई कुशीवर पडलेली होती. उजवा हात अंगाखाली होता. दुसऱ्या फेरीत, वीस मिनिटांनंतर, तीच बाई तिथेच पडलेली होती, पण तो हात आता डोळ्यांवर होता. त्या दिवशी पाऊस पडत होता.

“अण्णा, आम्ही दोघं आत आलो,” ध्वनिक्षेपकातून अक्षताचा आवाज आला. ती हसत होती. “दार लावतोय. मोजलंत ना आम्हाला?”

निवृत्तींना तो ऐकू आला की नाही, कोण जाणे. त्यांनी चष्मा पुसून परत लावला, पुढे झाले आणि हिरव्या लुगड्यावर बोट ठेवले.

“एक,” ते म्हणाले. “म्होरचं दाखव.”